चित्राच्या कडा

६ नोव्हेंबर

आलो एकदाचा. स्टेशनातून बाहेर पडून चहाचा घोट घ्यावा म्हणेपर्यंत गाव संपलं, एवढं ते चिमुकलं. पण हवा छान आहे, रस्ते झाडलेले आहेत, आणि ताईने मागची खोली अशी लावून ठेवली आहे की मी तिचा धाकटा भाऊ नसून घरचा जावईच आहे. भावोजींनी बॅग उचलली, प्रवासाबद्दल दोन वाक्यं बोलले आणि पुन्हा पेपरात शिरले. भला माणूस. आपल्याकडे बोलण्यासारखं काही नाही हे त्यांना ठाऊक आहे. हा गुण फार थोड्या लोकांत असतो.

भाची मात्र अंगावरच आली. पहिलीत जाते. एका जागी उभी राहील तर शपथ. सारखी हात पसरून स्वतःभोवती गरगरत असते. म्हणून मी तिला भिंगरी म्हणतो, आणि आता घरातही तेच नाव चालतं. तिची छोटी खोली माझ्या खोलीला लागून आहे. आल्याआल्या तिने मला एक हुकूम दिला: तिने भिंतीवर दोनदा ठोकलं, जरा थांबून आणखी एकदा ठोकलं, की मीही तसंच ठोकून उत्तर द्यायचं. म्हणजे मामा घरात आहे हे तिला कळणार. मला जगातल्या बहुतेक माणसांचा कंटाळा येतो. हिचा येत नाही. हे आत्ताच लिहून ठेवतो, कारण पुढे या वहीत कुणाचं कौतुक येईल असं वाटत नाही.

उद्यापासून दुकान. मोठ्या स्टुडिओत सिनेमे कापणारा मी, आता लोकांच्या सहली डिस्कवर चढवणार. स्टुडिओला टाळं लागलं त्याला इलाज नाही. पोट काही कुणाची प्रतिष्ठा विचारून भुकेजत नाही.

७ नोव्हेंबर

दुकान म्हणजे काचेचा दरवाजा, एक काउंटर, खरखरणारा कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यात मागून फुगलेला जुना टीव्ही. त्याखाली डिस्क प्लेअर. धंदा असा: लोकांची मुलं लांब कुठेतरी राहतात, मोबाइलवर व्हिडिओ पाठवतात. म्हाताऱ्यांना मोबाइलवर नीट दिसत नाही. घरी टीव्हीखाली प्लेअर असतो, पण त्या प्लेअरला मोबाइलची फाइल कळत नाही. मग ती फाइल आमच्याकडे येते. आम्ही ती प्लेअरला कळेल अशा प्रकारात बदलतो, डिस्कवर बर्न करतो आणि शेवटी डिस्क बंद करतो. एकदा बंद केली की तिच्यावर पुन्हा काही लिहिता येत नाही. आत गेलं ते कायमचं. मग कोपऱ्यातल्या टीव्हीवर तपासायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायची.

गिऱ्हाइकं काय वर्णावीत! एका आजोबांनी डिस्कची चमकती बाजू अंगठ्याने चोळत विचारलं की हिला कॅसेटसारखं मागे गुंडाळायचं कसं. एक बाई रिकामा पेनड्राइव्ह घेऊन आल्या, आणि त्यात नातू सापडेना तर मलाच बोलल्या. आणि ते व्हिडिओ! कुणाचं डोकं वर कापलेलं, कुणाचा अंगठा लेन्सवर, समुद्र तिरका, आजी उलटी. आणि हे सगळं बघून लोक डोळे पुसतात. मी हसू दाबण्यासाठी तीन वेळा मागे वळून कपाट उघडलं.

मालक मात्र सज्जन. ढेरपोटे, हळू बोलणारे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, म्हणून मला ठेवलं. राहतात दुकानाच्या वरच. वर त्यांची म्हातारी आत्याही असते. जिन्यातून दिसली. निम्मी खुर्ची मोकळी सोडून अगदी एका कडेला बसलेली, अंगावर शाल. मी चार शब्द बोललो तर नुसती बघत राहिली. या घराण्यात बोलण्याची फार काटकसर दिसते.

८ नोव्हेंबर

मालकांचा एकच नियम आहे आणि तो बिनडोक आहे. फाइल आली की आधी चित्र थोडं मोठं करायचं, म्हणजे चारी बाजूंच्या कडा चौकटीबाहेर जाऊन कापल्या जातात, आणि मगच ती बघायची. का, म्हणून विचारलं. म्हणाले, कापून टाका हो, बरं दिसतं.

बरं दिसतं! जुने टीव्ही मुळातच चित्राच्या कडा खातात. थोडं चित्र पडद्याच्या चौकटीमागे दडलेलंच असतं. त्यात हे महाशय आणखी कापणार. म्हणजे टोकाला उभी राहिलेली मावशी निम्मी कॉम्प्युटरात गेली आणि उरलेली टीव्हीत. ज्याला कामाची जाण आहे तो नेमकं उलट करतो: चित्र किंचित लहान करतो आणि भोवती काळी पट्टी सोडतो. टीव्ही ती पट्टी खातो, चित्र अख्खं दिसतं. इतकी साधी गोष्ट.

मी नंदीबैलासारखी मान डोलावली. उद्या मालकांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन, मग काही दिवस ते खाली उतरणार नाहीत. तोवर या दुकानाला थोडी अक्कल शिकवतो.

१२ नोव्हेंबर

सगळ्या डिस्क आता माझ्या पद्धतीने निघतात. निवृत्त मुख्याध्यापिकाबाई नातवाच्या पोहण्याच्या शर्यतीची डिस्क घेऊन गेल्या होत्या. आज मुद्दाम येऊन सांगून गेल्या की इतकं भरलेलं चित्र घरी कधी दिसलं नव्हतं. मी नम्रपणाचा आव आणला. तो मला छान जमतो.

एक गोष्ट मात्र डोळ्यात खुपते. प्रत्येक फाइलच्या डाव्या कडेला करड्या रंगाची बारीक पट्टी येते. आज मोठी करून पाहिली. पट्टी नाही, बाही आहे. करड्या स्वेटरची बाही, आणि तिच्याखाली मनगट. मनगटावर घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला. समुद्रकिनारा असो, स्वयंपाकघर असो, पोहण्याचा तलाव असो, डाव्या कडेला हाच हात. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर तीच फाइल उघडली तर तिथे काही नाही. म्हणजे दोष आमच्या डबड्याचा. जुन्या कुठल्यातरी फाइलची सावली त्यात अडकून बसली असणार. मालकांनी हे मशीन बहुधा भंगारातून उचललं, आणि भंगारवाल्याने सुटकेचा श्वास सोडला.

दुरुस्त करत बसलो नाही. बघणारे कोण, तर डिस्क मागे गुंडाळू पाहणारे. त्यांना बाही दिसली काय नि हत्ती दिसला काय.

१५ नोव्हेंबर

काल भिंगरीचा वाढदिवस. पिवळा फ्रॉक, केक, मेणबत्त्या. शूटिंग भावोजींनी केलं, म्हणजे पहिला बराच वेळ त्यांनी छताचं शूटिंग केलं. मग कुणीतरी ओरडल्यावर मोबाइल खाली आला. डाव्या टोकाला सोफ्यावर मी, चेहरा आंबट ताक प्यायल्यासारखा. मधे केकमागे भिंगरी, तिच्या शेजारी टाळ्या वाजवणारी ताई. मेणबत्त्या विझल्यावर भिंगरी हात पसरून गरगर फिरली आणि थांबल्यावर थेट कॅमेऱ्यात बघून हसली. ते हसू चांगल्या चांगल्या नट्यांना जमत नाही.

तिला मोबाइल हातात मिळत नाही, म्हणून तिला डिस्क हवी होती. तिचे पसरलेले हात कडेपर्यंत जातात. मालकांच्या पद्धतीने केली असती तर पोरीची बोटं कापली गेली असती. मी चित्र लहान केलं, पट्टी सोडली, बोटं अख्खी ठेवली. माझ्या खांद्यामागे ती करडी बाही इथेही आहेच. असू दे.

आज संध्याकाळपासून ती प्लेअरचं बटण स्वतः दाबते आहे. एकदा बघते, संपली की पुन्हा लावते. ताई म्हणते, डिस्क झिजेल गं. मी तिला सांगितलं की डिस्क झिजत नाही. या घरातही शिकवणी घ्यावी लागणार.

२० नोव्हेंबर

मुख्याध्यापिकाबाई पुन्हा आल्या. आज तोंडावर कौतुक नव्हतं. नातवाच्या शर्यतीत काठावर एक अनोळखी माणूस उभा आहे, तो आधी नव्हता, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, बाई, तलाव सार्वजनिक असतो. त्या म्हणाल्या, परवा तो कोपऱ्यात होता, काल शिडीपाशी होता. मी त्यांच्या चष्म्याच्या नंबराची चौकशी केली. त्या गेल्या, पण डिस्क काउंटरवर ठेवून गेल्या.

मग समोरचा न्हावी आला. त्याचीही तीच तक्रार. त्याच्या बहिणीच्या अंगणात कुणीतरी स्वेटरवाला घुसलाय. हा न्हावी दिवसभर दुसऱ्याच्या डोक्याशी खेळतो, स्वतःचं वापरायला त्याला वेळ कुठला मिळणार.

ते गेल्यावर बाईंची डिस्क टीव्हीवर लावली. कडेला बाही नाही. शिडीपाशी खांदा, मान, अर्धा चेहरा. पस्तिशीचा माणूस असेल. कॅमेऱ्याकडे बघतोय, जसं कुणी दार उघडायची वाट बघतं तसं. कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली. तिथे फक्त बाही, होती तिथेच.

बंद केलेली डिस्क बदलत नाही. बदलू शकत नाही. हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून हे असं का दिसलं याचा विचार उद्या करीन.

२३ नोव्हेंबर

आज लवकर घरी आलो. भिंगरी टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. तिने शेजारी जागा करून दिली आणि अगदी सहज सांगितलं, मामा, हा काका रोज थोडा थोडा पुढे येतो.

मी पाहिलं. तो माझ्या मागून पुढे आला होता. सोफ्यावर मी आंबट तोंड करून बसलोय, आणि तो मला ओलांडून, माझ्याकडे ढुंकूनही न बघता, केकच्या टेबलापाशी उभा आहे. ताईच्या मागे. भिंगरीपासून हातभर अंतरावर.

तिला भीती वाटत नाही. तिने त्याला विचारलंसुद्धा, केक हवा का म्हणून. तो मान हलवून हो म्हणाला, असं ती सांगते.

मी डिस्क काढली आणि कपाटावर ठेवली. भिंगरीने भोकाड पसरलं, ताई धावत आली आणि माझ्यावरच उखडली. पोरीच्या वाढदिवसाची डिस्क काय लपवतोस, तुझ्या त्या स्टुडिओचा राग आमच्यावर काढू नकोस. तिने डिस्क पुन्हा लावून दिली. मी सांगायला हवं होतं. पण सांगायचं काय? की मी केलेल्या डिस्कमध्ये खोट आहे? की तो ढेरपोट्या मालक कडा कापायला सांगत होता आणि त्याचंच बरोबर होतं? इतकं काही माझं डोकं फिरलेलं नाही. परवा वेळ मिळाला की दुसरी डिस्क करून देईन, या डबड्याऐवजी चांगल्या मशीनवर.

संध्याकाळी भिंतीवर टकटक झाली. दोनदा, मग एकदा. उत्तर दिलं.

२५ नोव्हेंबर, दुपार

सुटलो! आज सकाळपासून एकाही फाइलमध्ये बाही नाही. डावी कड स्वच्छ. जुन्या फाइली उघडल्या, त्याही स्वच्छ. बाईंची डिस्क लावली. काठावर कुणी नाही, नातू सुखाने पोहतोय आणि शेवटचा येतोय. म्हणजे मशीनचंच काहीतरी होतं आणि ते आपोआप गेलं. न्हाव्याला बोलावून दाखवलं. तो तोंडात बोट घालून बघत राहिला. मी त्याला म्हणालो, आता केस कापताना ग्राहकाचे कान तरी नीट दिसतात ना? फार बरं वाटलं.

घरी निघतो.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळ

सोफ्यावर तो बसलाय.

करडा स्वेटर. आत वळवलेलं घड्याळ. सोफ्याच्या एका कडेला, निम्मी जागा मोकळी सोडून. ताईने त्याला चहा दिला आणि मला म्हणाली, असा भूत बघितल्यासारखा काय उभा राहिलास, हे आमचे चुलत दीर, वर्षानुवर्षं इथेच तर राहतात. भावोजींनी पेपरातून मान वर करून दुजोरा दिला.

मी विचारलं, भिंगरी कुठे आहे.

ताई म्हणाली, कोण भिंगरी?

२६ नोव्हेंबर

छोट्या खोलीत त्याची गादी आहे. त्याचा दाढीचा ब्रश आहे. भिंतीवर तिने रंगीत खडूने काढलेला हत्ती होता, तिथे जुना रंग आहे, पोपडे आलेला, दहा वर्षांचा वाटावा असा.

शाळेत गेलो. तिथल्या बाईंनी हजेरी दोनदा पाहिली आणि शिपायाला खुणेने जवळ बोलावलं. मला हाकलायला.

डिस्क लावली. केकमागे तो. मेणबत्त्या तो विझवतोय. ताई टाळ्या वाजवतेय, तशीच, तितक्याच आनंदाने. मी म्हणालो, ताई, तुझी मुलगी. ती हसली आधी. मग रडली. म्हणाली, इतकी वर्षं मूल नाही म्हणून आम्ही काय काय सोसलं हे तुला माहीत असून तू अशी थट्टा करतोस.

तिला खोटं पाडायला माझ्याकडे काही नाही. फक्त ही वही, माझ्याच अक्षरातली.

सकाळी भिंतीवर टकटक झाली. एकदाच. मी उत्तर दिलं नाही.

२७ नोव्हेंबर

दुकानात पहिली फाइल उघडली. कुणाचं तरी नवं घर, नवा पडदा, नवी गाडी.

डाव्या कडेला पिवळी बाही.

खाली छोटा हात. बोटं चौकटीच्या आतल्या बाजूला टेकलेली. दोनदा हलली. थांबली. मग एकदा.

मी काउंटरखाली बसून ओरडून रडलो. गिऱ्हाईक म्हणालं, घाई नाही हो, उद्या दिलीत तरी चालेल.

मालक काळा चष्मा लावून खाली उतरले. पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. मग सांगितलं. या दुकानाच्या मशीनमध्ये फाइल उघडली की कडेला नेहमी कुणीतरी असतं. मशीन बदललं तरी असतं. एका वेळी एकच. कड अख्खी ठेवून डिस्क दिली की ते माणूस घरात चालायला लागतं, आणि जिथे ती डिस्क पुन्हा पुन्हा लावतात तिथे लवकर पोचतं. चित्रात सगळ्यांची नजर ज्याच्यावर असेल त्याची जागा घेतं. ज्याची जागा गेली तो घरातून बाहेर पडतो आणि एकदोन दिवसांत कडेला येतो; तेवढा वेळच कड रिकामी असते. घरच्यांना काही आठवत नाही. ज्याने या मशीनवर कड पाहिली आहे त्यालाच आठवतं.

स्वेटरवाला त्यांचा धाकटा भाऊ. दोघं मिळून दुकान चालवत. त्याच्या साखरपुड्याची डिस्क त्यांनी स्वतः केली होती, हौसेने, अख्खी. तेव्हा कडेला एक शालीची किनार होती.

मी जिन्याकडे पाहिलं.

मालक म्हणाले, माझ्या वडिलांना बहीण नव्हती.

इतकी वर्षं ते प्रत्येक फाइलमधून सख्ख्या भावाचा हात कापत होते. लोकांच्या पोरांसाठी. आणि मी त्यांना बिनडोक म्हणालो. मागच्या पानांवर आहे ते, खोडत नाही.

२८ नोव्हेंबर

मालक ताईच्या घरावरून चालत गेले. खिडकीतून भाऊ दिसला, भावोजींच्या शेजारी पेपर वाचताना. हाक मारली. त्याने पाहिलं, ओळख नाही. सभ्यपणे हसला आणि पेपर उलटला. मालक परत येऊन म्हणाले, त्याला पुन्हा बाहेर काढू नका. हात जोडून म्हणाले.

आणि म्हणाले, आता तिच्या कडा कापा. नाहीतर ती कुणाच्या तरी घरात शिरेल, कुणाचं तरी लेकरू बाहेर येईल.

कापा म्हणे. माझ्या हाताने, तिची बोटं.

बाईंचा नातू नाहीतरी शेवटचा येतो, हा विचार मनात आला. आला, खोटं कशाला लिहू. त्या बाईंना कळणारही नाही. त्यांना तर— नाही. नको.

मालकांना विचारलं, कुणी कधी आपल्याच घरी परत आलंय का. ते म्हणाले, नाही, कारण आपल्या घरी कुणी जागा करून ठेवत नाही.

२९ नोव्हेंबर

जागा करायची. म्हणजे चित्रात एकच माणूस हवा. सगळ्यांची नजर त्याच्यावर, दुसरं कुणी नाहीच म्हणून.

माझा एकट्याचा व्हिडिओ शोधला. नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं कापली, माझं कुणी कधी काढलंच नाही. का काढावं? वाढदिवसात तो मला ओलांडून गेला— माझी जागा त्यालाही नको होती.

तिला चालेल. मामाची आहे.

ताई बाजारात गेली तेव्हा मोबाइल टेबलावर उभा केला, सोफ्यावर बसलो. हसून पाहिलं. जमलं नाही. तसाच बसलो. डावी बाजू मोकळी ठेवली.

दुकानात फाइल उघडली. पिवळी बाही आहे. चित्र लहान केलं, काळी पट्टी सोडली. बोटं अख्खी. डिस्क बंद केली. मालक शेजारी उभे होते. इतर सगळ्या फाइलींच्या कडा आज मीच कापल्या. प्रत्येक वेळी डोळे मिटून.

ही वही उद्या उघडी ठेवणार. मालक संध्याकाळी येऊन नेतील.

३० नोव्हेंबर

दुपार. ताई, भावोजी आणि तो, तिघं बाहेर गेलेत. जाताना ताईने विचारलं, येतोस का. रागावलीय तरी विचारलं. नाही म्हणालो.

डिस्क लावली. मी सोफ्यावर, टीव्हीतही मी सोफ्यावर. दोघांपैकी कोण जास्त कंटाळवाणा, सांगणं कठीण. कडेला बाही.

पुन्हा लावली. खांदा आला.

पुन्हा. अर्धा चेहरा— हसत नाहीये. ओठ घट्ट. मी म्हणालो, ये. ये गं. मामा आहे.

पुन्हा. पळत आली. ही कधी हळू चालली आहे— सोफ्याशी आहे. टीव्हीतला मी कडेकडे सरकलोय. मी तर हललो नाही.

पुन्हा लावली. माझा उजवा हात चौकटीबाहेर गेला तिथे. इथे बोटं गार. पेन धरवत नाही, डाव्या हाताने लिहितोय—

ती सोफ्यावर चढली. माझ्याकडे बघतेय, त्या माझ्याकडे नाही, इकडे— फ्रॉकवर केकचा डाग, होताच तो— हात पसरले—

खोली लांब दिसतेय. बारीक. फटीतून बघावं तशी.

छोट्या खोलीत भिंतीवर टकटक. दोनदा.

थांबली.

एकदा.

उत्तर दिलं. डोक्याने दिलं, हात कुठे—

मालक, ऐका. आता कडेला मी असेन. मला त्या बाईंच्या नातवाच्या शर्यतीत उभं राहायचं नाही. कुणाच्या घरात नाही. दया नको. चित्र मोठं करा आणि कडा काप